सीआर झालात? मग आधी एक फाईल घ्या: वर्गापासून राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेपर्यंतची वाट

टीचरनी विचारले, "कोण उभे राहणार?" मागच्या बाकावरच्या दोघींनी माझे नाव पुकारले. दुसरे कुणी उभे राहिले नाही, म्हणून मी सीआर, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, झाले. पुढचे सहा महिने मी टीचर आल्या नाहीत की स्टाफरूमच्या दारात जाऊन विचारत होते, झेरॉक्सचे पैसे गोळा करत होते आणि ट्रॅडिशनल डेला साड्या कुठल्या रंगाच्या यावर भांडणे सोडवत होते. मग आमच्या कॉलेजात अनामत रकमेचा प्रश्न निघाला. वर्ग माझ्याकडे बघू लागला आणि मला तर अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा हेही माहीत नव्हते.

तीन वर्षांत मी ठेचा खात जे शिकले ते इथे लिहिते आहे. फोंडा असो, साखळी असो, केपे असो, कुठल्याही कॉलेजात नव्याने सीआर किंवा यूएफआर (कॉलेजातून विद्यापीठासाठी निवडलेला प्रतिनिधी) झालेल्यांना याचा उपयोग व्हावा. यातला बराच भाग राष्ट्रीय विद्यार्थी संघटनांबद्दल आहे, कारण "दिल्लीत आपली माणसे आहेत, फोन करतो" असे म्हणणारा कुणीतरी तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटणार. त्या फोनने काय होते आणि काय होत नाही, हे आधी माहीत असलेले बरे.

## आधी एक गैरसमज

भारतात सगळ्या विद्यार्थ्यांची मिळून एकच अशी अधिकृत राष्ट्रीय संघटना नाही. ब्रिटनमध्ये आहे, नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स, १९२२ सालची. तिची रचना खालून वर जाते. प्रत्येक विद्यापीठातली निवडून आलेली युनियन तिची सभासद होते आणि सगळ्या युनियन मिळून राष्ट्रीय संस्था बनते. आपल्या गोव्यातली जी मुले तिकडे शिकायला जातात त्यांना पहिल्या आठवड्यातच कॅम्पसवरच्या युनियनची ओळख होते आणि इकडे फोन करून ती विचारतात, "आपल्याकडे असे काही का नाही?"

आपल्याकडे आहे, पण उलट्या दिशेने. संघटना आधी देशपातळीवर उभी राहते आणि मग कॉलेजात शाखा उघडते. १९३६ मध्ये लखनौला स्थापन झालेली एआयएसएफ (ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन) ही सर्वांत जुन्यांपैकी एक, आज भाकपच्या बाजूची. अभाविप (अखिल भारतीय विद्यार्थी परिषद) १९४९ ची, संघपरिवारातली. ती स्वतःला कुठल्या पक्षाची शाखा म्हणवत नाही. एसएफआय (स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडिया) १९७० ची, माकपच्या विचारांची. एनएसयूआय (नॅशनल स्टुडंट्स युनियन ऑफ इंडिया) १९७१ ची, काँग्रेसची. तिच्या नावातच 'राष्ट्रीय' आणि 'विद्यार्थी' हे दोन्ही शब्द असल्याने नवख्याला वाटते की देशातल्या सगळ्या विद्यार्थ्यांची युनियन ती हीच. तसे नाही. गोव्यात कॉलेजच्या निवडणुकांत अभाविप आणि एनएसयूआय ही दोन नावे जास्त ऐकू येतात.

म्हणजे तुमच्या वर्गाने तुम्हाला निवडले, पण यांतल्या कुठल्याही संघटनेला तुमच्या वर्गाने निवडलेले नाही. संघटनेचा माणूस वयाने मोठा असेल, त्याच्या ओळखी असतील. तरीही वर्गाच्या वतीने बोलण्याचा हक्क तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

## १. आपण नेमके कोण आहोत ते बघा

सीआर म्हणजे एका वर्गाचा प्रतिनिधी. सगळे सीआर आणि थेट निवडून आलेले पदाधिकारी, म्हणजे जनरल सेक्रेटरी, कल्चरल, स्पोर्ट्स वगैरे, मिळून कॉलेजचे विद्यार्थी मंडळ होते. कॉलेजातून विद्यापीठासाठी जो निवडून जातो तो यूएफआर. वेगवेगळ्या कॉलेजांचे यूएफआर ताळगाव पठारावर, विद्यापीठात, जमून विद्यापीठ विद्यार्थी मंडळाचे पदाधिकारी निवडतात. गोवा विद्यापीठ १९८५ चे. त्याआधी आपली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती.

निकाल उशिरा लागला तर तो सीआरच्या हातातला प्रश्न नाही, तो यूएफआरमार्फत वर जायला हवा. कँटीनची पातळभाजी आंबलेली निघाली तर त्यासाठी यूएफआरला पणजीला पाठवू नका. हसू नका, आम्ही पाठवला होता.

## २. उभे राहणार असाल तर लिंगडोह समजून घ्या

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी लागू कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये दिला. प्राचार्यांच्या सूचनेत "ॲज पर लिंगडोह" एवढेच लिहिलेले असते, पण अर्ज बाद होतात ते याच ओळीमुळे. लक्षात ठेवण्यासारखे एवढे:

- पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वय १७ ते २२.
- हजेरी ७५ टक्के, किंवा विद्यापीठाची अट त्याहून जास्त असेल तर तेवढी.
- ज्या वर्षी उभे राहता त्या वर्षी एकही विषय मागे राहिलेला चालत नाही. एटीकेटीवाल्यांनी आधीच चौकशी करावी.
- पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येते, कार्यकारिणीचा सदस्य म्हणून दोनदा.
- खर्च ५,००० रुपयांपर्यंत. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा.
- छापील पोस्टर चालत नाही. हाताने केलेले, ठरवून दिलेल्या जागीच लावायचे.
- कॉलेजच्या पटावर नाव नसलेल्या माणसाने निवडणुकीत कुठल्याही रूपात भाग घ्यायचा नाही.

शेवटच्या अटीकडे नीट बघा. गेटवर जीपमधून येऊन तुम्हाला बॅनर छापून देणारा माजी विद्यार्थी तुमच्या दोन अटी एकदमच मोडतो. विरोधी उमेदवाराने मोबाईलवर फोटो काढला की संपले. आमच्या वेळी एका मुलाची उमेदवारी छापील स्टिकरवर गेली. स्टिकर त्याच्या मामाने हौसेने आणले होते.

तारखा, नमुना अर्ज आणि पदांची नावे प्रत्येक कॉलेजच्या सूचनाफलकावर वेगळी असू शकतात, तेव्हा तिथलेच अंतिम धरा. निवडणुका बहुधा चतुर्थीच्या सुट्टीआधी उरकतात. तेवढ्यात शाळेचा जुना मित्र, चुलत भाऊ, देवळातल्या समितीतले काका असे सगळे फोन करून "अमक्याला मत दे हां" म्हणतात. यूएफआर झालात तर फोन आणखी वाढतात आणि जेवणाची आमंत्रणेही येतात. जायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. मी गेले नाही आणि काही बिघडले नाही.

## ३. प्रश्न कुणाच्या दारातला ते ठरवा

वर्गात कुणी गाऱ्हाणे सांगितले की लगेच "बघते" म्हणू नका. आधी विचारा, हे ठरवणारा माणूस कुठे बसतो?

फी, अनामत, लायब्ररी, हजेरी, अंतर्गत गुण हे कॉलेजात. सेमिस्टरचा निकाल, पुनर्मूल्यांकन, मार्कशीट हे विद्यापीठात; तुमचे कॉलेज स्वायत्त असेल तर यातलेही बरेच कॉलेजातच. अनुदान आणि उच्च शिक्षणाच्या सरकारी योजना पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयात. एसटी विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, गगन भरारी योजना धरून, आदिवासी कल्याण खात्याकडे. एससी आणि ओबीसींची समाजकल्याण खात्याकडे. इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, कारण कॉलेजचा क्लार्क म्हणतो "वरून आले नाही" आणि वरचा क्लार्क म्हणतो "कॉलेजने फॉरवर्ड केले नाही". दोघांपैकी कोण खरे ते कळायला पोर्टलवरची अर्जाची स्थिती उघडून तिचा स्क्रीनशॉट काढायचा. आमच्या वर्गातल्या मुलीचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनमध्ये चार महिने पडून होता.

आणि काही प्रश्न गोव्यात सुटतच नाहीत. २०२४ ची नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आठवा. बांबोळीच्या मेडिकलला जाऊ बघणारी इथली मुले आणि देशभरातली २३ लाखांहून अधिक मुले एकाच परीक्षेत अडकली होती. त्याच वर्षी १८ जूनला झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. पर्वरीचा कुठलाही संचालक यावर काही करू शकत नव्हता. अशा वेळी राष्ट्रीय संघटनांचे खरे काम सुरू होते. त्याबद्दल सहाव्या पायरीत.

दोन प्रश्नांना हा क्रम लागू नाही. रॅगिंग असेल तर सह्या, ठराव, मंडळाची बैठक काही करत बसू नका. राष्ट्रीय हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते, शिवाय कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीला त्याच दिवशी कळवा. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीकडे, लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तिथे तुमचे काम सोबत जाण्याचे आणि तोंड बंद ठेवण्याचे. त्या मुलीचे नाव वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तर तुम्ही मदत करण्याऐवजी नुकसान केलेत.

## ४. कागद

आता अनामतीची गोष्ट सांगते. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाकडून परत मिळणारी म्हणून एक रक्कम घेतली जायची आणि पास होऊन गेलेल्यांना ती परत मिळत नव्हती. मी दुसऱ्या वर्षाला असताना सीनियर भडकले. एका सकाळी आम्ही साठेक जण ऑफिससमोर जमलो, घोषणा दिल्या. कुणीतरी एका संघटनेच्या दादाला फोन केला, तो झेंडे घेऊन आला, बाईट दिला, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मला वाटले जिंकलो. प्राचार्यांनी शांतपणे विचारले, "तुमचा अर्ज कुठे आहे?"

अर्ज नव्हता. एकही नव्हता. किती जणांचे किती पैसे, कुठल्या सालचे, पावत्या कुणाकडे, काहीच आमच्याकडे नव्हते. चतुर्थीची सुट्टी लागली, सुट्टीनंतर परीक्षा आल्या आणि विषय विरला. झेंडेवाला दादा परत दिसला नाही. त्याला दोष देत नाही. त्याला त्या दिवशी जे हवे होते ते मिळाले होते, आम्हीच त्याला आणखी काही दिले नव्हते.

पुढच्या वर्षी हेच काम आम्ही कागदावर केले. तुम्ही पहिल्याच वर्षी करा.

काय जमवायचे:

- प्रत्येक तक्रारदाराचे नाव, पीआर नंबर (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), वर्ग, रक्कम, पावतीची तारीख, असा एक तक्ता. गूगल फॉर्मवर माहिती गोळा केली तरी शेवटी छापील तक्त्यावर सही हवीच.
- पावत्यांच्या झेरॉक्स. मूळ पावती कुणालाही देऊ नका, ऑफिसलाही नाही.
- प्रॉस्पेक्टसचे ते पान, ज्यावर फीचा तपशील आहे. प्रॉस्पेक्टसमध्ये नसलेली रक्कम मागणे हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत तक्रारीचे कारण म्हणून सरळ लिहिलेले आहे.
- वर्गाचा किंवा मंडळाचा ठराव, तारखेसह, हजर असलेल्यांच्या सह्यांसह.
- ओळखपत्राच्या झेरॉक्स.
- एक बॉक्स फाईल आणि एक शंभरपानी वही. वहीत तारीख, कुणाला भेटलो, काय म्हणाले, एवढेच लिहायचे.

अर्ज एक पानाचा असावा. काय घडले, कुठल्या नियमाविरुद्ध आहे, काय हवे, किती दिवसांत हवे. "सदर बाबीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो" यात पाव पान घालवू नका. रागही नको.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक ऑफिसला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि इन्वर्ड नंबर घ्या. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, सर आले की देते." ठेवून जायचे नाही. मी एकदा चाळीस मिनिटे काउंटरसमोर उभी राहिले, बाई जेवून येईपर्यंत. शिक्का मिळाला. शिक्का देतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा. त्याच दिवशी कॉलेजच्या ईमेलवर पीडीएफही टाका.

भाषेबद्दल एक. वर्गात आपण कोकणीत बोलतो, नोटीस इंग्रजीत येते आणि आपल्यातल्या कित्येकांना नीट लिहिता येते ते मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली, त्यामुळे सरकारी खात्याला मराठीत अर्ज करायला संकोच नको. मी तसे केले आहे. मात्र कॉलेजच्या समितीकडचा अर्ज मी इंग्रजीत देते, कारण तोच कागद पुढे अपिलात आणि दिल्लीत लागतो. इंग्रजी कच्चे असेल तर आधी मराठीत लिहून काढा, मग भाषांतर करून घ्या. पहिल्यापासून इंग्रजीत लिहिले की मुद्दा सुटतो आणि शब्दच उरतात.

## ५. एसजीआरसी आणि त्यानंतर लोकपाल

प्राचार्यांना दिलेल्या अर्जाने काम झाले तर उत्तम. झाले नाही तर एसजीआरसी, म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत ती असायलाच हवी. अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ शिक्षक आणि एक विद्यार्थी.

इथे सगळे सीआर फसतात. समितीतला तो विद्यार्थी निवडून आलेला नसतो. अभ्यासात, खेळात किंवा इतर उपक्रमांत चमकलेला म्हणून त्याला नेमलेले असते आणि तोही विशेष निमंत्रित असतो. म्हणजे तुम्ही निवडून आलात म्हणून समितीत खुर्ची मिळाली असे होत नाही. मला हे बैठकीच्या दारात कळले. आत सोडले नाही.

पण त्याच नियमांत दुसरे दार आहे. तक्रार करणारा विद्यार्थी स्वतः हजर राहू शकतो किंवा आपली बाजू मांडायला प्रतिनिधी नेमू शकतो. तो प्रतिनिधी तुम्ही. त्यासाठी प्रत्येक तक्रारदाराकडून एवढे लिहून घ्या:

"मी, अमुक, वर्ग अमुक, पीआर नंबर अमुक, माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीबाबत समितीसमोर माझी बाजू मांडण्यासाठी अमुक यांना माझा प्रतिनिधी म्हणून अधिकार देत आहे. सही, तारीख."

मला वाटते, निवडणुकीतल्या शंभर मतांपेक्षा समितीसमोर या चार ओळींना जास्त वजन आहे. विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व म्हणतात ते कायद्याच्या भाषेत इथे सुरू होते.

मुदती पाठ करा. समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. विद्यापीठाशी जोडलेल्या सगळ्या कॉलेजांसाठी तोच. त्याने ३० दिवसांत निकाली काढायचे. समितीकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर परत पाठवतील.

दोन खड्डे सांगून ठेवते. पहिला, गुणांचा. "मला दोन मार्क कमी दिले, पुन्हा तपासा" एवढ्यावर लोकपाल ऐकत नाही. ठळक अनियमितता झाली किंवा भेदभाव झाला असे नेमके दाखवता आले तरच. त्याआधी स्वतःची उत्तरपत्रिका बघून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे, की माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला ती बघता येते. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. गोव्याने तर देशाच्या आधी, १९९७ मध्येच, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, तेव्हा माहिती मागताना लाजण्याचे कारण नाही. दुसरा खड्डा, खोट्या तक्रारीचा. तक्रार खोटी निघाली तर लोकपाल तक्रारदारावरच कारवाई सुचवू शकतो. तक्त्यात "माझेपण नाव घाल ना" म्हणणाऱ्याला पावती दाखवायला सांगा.

आमच्या अनामतीचे काय झाले? पैसे मिळाले, दोन हप्त्यांत. पावती हरवलेल्या नऊ जणांना मिळाले नाहीत. त्यातली एक माझी मैत्रीण होती आणि ती अजून तो विषय काढते.

## ६. राष्ट्रीय संघटनेकडे कधी जायचे आणि काय घेऊन

तुमच्या कॉलेजच्या अनामतीवर दिल्लीतला पदाधिकारी सही करू शकत नाही. जास्तीत जास्त तो प्राचार्यांना फोन करील आणि प्राचार्य आणखी ताठ होतील. पण तोच प्रश्न बेळगावात, कोल्हापुरात, कोझिकोडला आहे असे दिसले तर तो कॉलेजचा राहत नाही. अशी बेरीज करणे राष्ट्रीय संघटनेला जमते, तुम्हाला-मला नाही. यूजीसी, शिक्षण मंत्रालय, परीक्षा घेणारी एनटीए, संसदेतले खासदार, सर्वोच्च न्यायालय या दारांत ती उभी राहू शकते. नीटच्या वेळी एकमेकांचे तोंड न बघणाऱ्या संघटनाही त्याच आठवड्यांत रस्त्यावर होत्या.

ती दरवेळी जिंकते असे नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे यूजीसीने ६ जुलैला सांगितले. त्याविरुद्ध विद्यार्थी आणि युवा सेनेसारख्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्टला निकाल आला: राज्ये तारीख पुढे ढकलायची मागणी करू शकतात, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. मागणी फेटाळली गेली, तरी तारखेबाबत राज्यांना वाट मिळाली ती कुणीतरी दार ठोठावल्यामुळे.

घेऊन काय जायचे, तर तोच बॉक्स फाईलमधला गठ्ठा. इन्वर्ड नंबर असलेला अर्ज, समितीचा निर्णय, लोकपालाकडे गेला असाल तर तोही, आणि एका पानाचा सारांश. सारांशावर तीन गोष्टी: किती विद्यार्थी, कुठला नियम, काय मागणी. या गठ्ठ्याशिवाय गेलात तर संघटनेकडे देण्यासारखे एकच उरते, निदर्शन. मग फोटो निघतो आणि तुम्ही आमच्यासारखे घरी येता.

जाण्याआधी मंडळात ठराव करा, की अमुक प्रश्नावर आम्ही सगळ्याच विद्यार्थी संघटनांना पत्र देत आहोत. 'सगळ्याच' हा शब्द महत्त्वाचा. एकीलाच दिले की उरलेला अर्धा वर्ग तुमच्या विरोधात जातो आणि प्राचार्यांना "हे राजकारण आहे" म्हणायला कारण मिळते. आम्ही पत्राच्या चार प्रती काढल्या, चारही संघटनांना एकाच दिवशी पाठवल्या. दोघांचे उत्तर आले. एकाने प्रश्न राज्यस्तरावर मांडला, दुसऱ्याने सदस्यत्वाचा फॉर्म पाठवला.

तो फॉर्म भरायचा का? हा तुमचा हक्क आहे, संघटनेत जाणे काही पाप नाही. माझ्या ओळखीतली उत्तम कार्यकर्ती मुले दोन्ही बाजूंना आहेत. फक्त भरण्याआधी बघा: पत्रकात काय जाईल हे कोण ठरवणार, तुमच्या वर्गातल्यांची नावे आणि नंबर त्यांच्या यादीत जाणार का, आणि उद्या त्यांच्या पक्षाचे सरकार असताना प्रश्न आला तर ते तुमच्यासोबत उभे राहतील का. शेवटचा प्रश्न तोंडावर विचारा. उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो ते बघा.

राष्ट्रीय संघटना मध्ये न घेताही दिल्लीला लिहिता येते. यूजीसीचे ई-समाधान पोर्टल आहे आणि पुण्यातले त्यांचे पश्चिम विभागीय कार्यालय गोव्यासाठीही आहे. तिथे अर्ज टाकला की नंबर मिळतो. तो वहीत लिहा.

आणि हे विसरू नका, की गोव्यातल्या विद्यार्थ्यांचा आजवर गाजलेला लढा दिल्लीहून आलेला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बसभाड्यात ५० टक्के सवलत हवी म्हणून इथली मुले रस्त्यावर उतरली ती इथल्याच संघटनांच्या जोरावर. माझे मामा त्या वेळी हायर सेकंडरीत होते. ते अजून चवथीला जेवताना सांगतात, मोर्च्यात चप्पल हरवली आणि अनवाणी घरी आलो.

उलटा अनुभव शेजारी महाराष्ट्रात. तिथे हिंसाचारानंतर १९९४ पासून विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. कोल्हापूरला शिकणाऱ्या माझ्या चुलत भावाला सीआर हा गुणांवर नेमलेला मुलगा म्हणूनच माहीत. तो मला विचारायचा, "तुम्ही मतपत्रिकेवर शिक्का मारता?"

## ७. परत येऊन सांगा आणि फाईल सोपवा

हे छोटे काम आहे, पण सगळ्यांत जास्त विसरले जाते. बैठक झाली की त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर चार ओळी टाका: कुणाला भेटलो, काय ठरले, पुढची तारीख कोणती, काय झाले नाही. "काम चालू आहे" असे लिहू नका. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. व्हॉइस मेसेज नको, तो नंतर सापडत नाही.

वर्ष संपताना बॉक्स फाईल पुढच्या सीआरला द्या आणि वहीत तिची सही घ्या. वहीच्या शेवटच्या पानावर न सुटलेल्या गोष्टी लिहा, तारखांसह. मी लिहिलेल्या पानावर तीन ओळी होत्या: मुलींच्या खोलीतला नळ, ग्रंथालयाची वेळ आणि ते नऊ जण. नळ दुरुस्त झाल्याचे परवाच कळले.